झोन बदलायचाय? कोकणातल्या छोट्या शहरासाठी ठरावापासून राजपत्रापर्यंतची वाट

डिसेंबर २०२५च्या निवडणुकांनंतर कोकणातल्या बऱ्याच नगरपरिषदांमध्ये प्रशासक जाऊन पुन्हा लोकांनी निवडून दिलेली मंडळी बसली. सुरुवातीच्या सभांमध्येच जे विषय येतात त्यांत एक हमखास असतो: घरांसाठी जागा मोकळी करा. वरूनही रेटा आहे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० सप्टेंबर २०२४पासून लागू झाली. मे २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझे अधिकार’ हे नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, आणि त्यात २०३०पर्यंत ३५ लाख घरांचं लक्ष्य ठेवलंय. धोरणाची बातमी वाचून लोक नगरपरिषदेत येतात आणि विचारतात, “मग आमच्या जमिनीचा झोन (म्हणजे आराखड्यात ठरवलेला वापर) कधी बदलणार?” तिथे घोडं अडतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत असा एक बदल ठरावापासून राजपत्रापर्यंत नेणाऱ्या गटात मी होते. त्या काळात जे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं वाटत राहिलं, ते इथे लिहिलंय. हे नव्या नगरसेवकांसाठी आहे, वॉर्डातल्या कार्यकर्त्यांसाठी आहे, आणि ज्यांची जमीन आराखड्यात शेतीच्या हिरव्या रंगाखाली गेलीय त्यांच्यासाठीही आहे.

१. बदल नियमात हवाय की नकाशात, हे आधी ठरवा

ही पायरी लोक गाळतात आणि पुढचं सगळं चुकत जातं. ‘नगरपरिषदेने नियम बदलावेत’ असं आपण सहज म्हणतो, पण बांधकामाचे नियम आता नगरपरिषद लिहीत नाही. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली (सगळे तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात) डिसेंबर २०२०मध्ये लागू झाली आणि जुन्या स्थानिक नियमावल्यांची जागा तिने घेतली. बृहन्मुंबई, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतालचं क्षेत्र), थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा असे काही अपवाद सोडले तर राज्यभर तीच चालते. म्हणजे अलिबाग, चिपळूण, मालवण, सावंतवाडी या सगळ्यांना नियमांचं पुस्तक एकच. माथेरानचं गणित निराळं.

मग नगरपरिषदेच्या हातात काय उरतं? विकास आराखड्याचा नकाशा. कुठली जमीन शेती विभागात, कुठली निवासी, कुठे शाळेचं आरक्षण, रस्ता ९ मीटरचा की १२चा. इथे बदल सुचवायचा अधिकार तुमचा आहे, आणि छोट्या शहरात घरं अडतात ती बहुतेक इथेच.

रस्त्याचं उदाहरण घ्या. यूडीसीपीआरमध्ये चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधता येतं तो आकडा) रस्त्याच्या रुंदीला बांधलाय. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर पायाभूत निर्देशांकावर प्रीमियमचं (शुल्क भरून मिळणारं) किंवा टीडीआरचं (दुसऱ्या जमिनीवरून हस्तांतरित केलेल्या विकास हक्काचं) वाढीव चटईक्षेत्र मिळत नाही. आपल्याकडे निम्म्या वाड्यांत जायला जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी असते. तिथे निर्देशांक वाढवून मिळावा म्हणून केलेला ठराव कागदावरच राहणार. त्या वाडीचं काम होईल ते रस्त्याची आखणी बदलून.

उलटंही घडतं. कोणीतरी सभेत उठून म्हणतो की मोठ्या गृहप्रकल्पात २० टक्के जागा गरिबांच्या घरांसाठी ठेवण्याचा नियम आहे, तो आपण का राबवत नाही? तो नियम आहे खरा, ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जमिनींसाठी. पण तो मुळात १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या महानगरपालिकांसाठी केलेला आहे. आपल्या नगरपरिषदेला तो नुसत्या ठरावाने लावता येणार नाही. तशी तरतूद छोट्या शहरांतही हवी असं वाटत असेल तर (मला वाटतं) शासनाला शिफारस पाठवा. फक्त ती वेगळी फाईल ठेवा, झोनबदलाच्या प्रस्तावात मिसळू नका.

२. जमीन कोणाच्या अखत्यारीत येते ते बघा

नगरपरिषदेच्या किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत मंजूर विकास आराखडा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं कलम ३७ तुमच्या कामाचं. हद्दीबाहेर ग्रामपंचायतीची जमीन असेल तर तिथे प्रादेशिक योजना चालते, बदल कलम २०खाली होतो आणि गाठ शासनाशी पडते. यूडीसीपीआरच्या पाचव्या प्रकरणात प्रादेशिक योजनांच्या क्षेत्रांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. कधीकधी त्या वाचल्यावर झोन बदलायची गरजच नाही असं कळतं.

किनाऱ्याजवळच्या गावांत आणखी एक गोष्ट तपासा. मार्च २०२४मध्ये किनारपट्टीवरच्या गावांसाठी सिडको आणि विकास केंद्रांसाठी एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) यांना विशेष नियोजन प्राधिकरण नेमणाऱ्या अधिसूचना निघाल्या होत्या. तुमचं गाव त्या यादीत आहे का आणि आजची स्थिती काय, हे जिल्ह्याच्या नगररचना शाखा कार्यालयात लेखी विचारून घ्या. चुकीच्या दारात अर्ज दिला तर तो परत यायलाच पावसाळा उलटतो.

आराखडाच जुना झाला असेल आणि सुधारित आराखड्याचं काम सुरू झालेलं असेल तर सुट्या बदलाच्या मागे लागू नका. कायद्याने आराखडा २० वर्षांतून एकदा तरी सुधारायचा असतो. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात, आणि तुमची मागणी तिथे मांडणं कितीतरी स्वस्त पडतं.

३. एकावर एक नकाशे ठेवा

इथे वेळ घाला. नंतरच्या बहुतेक अडचणी या टेबलावरच दिसतात.

पहिला नकाशा अर्थात मंजूर विकास आराखड्याचा. भिंतीवर टांगलेला रंग उडालेला नकाशा बघून निर्णय घेऊ नका. साधारण पिवळा म्हणजे निवासी, हिरवा म्हणजे शेती, पण मधल्या काळात झालेले बदल त्या भिंतीवर चढलेले नसतात. नगररचना विभागाकडून त्या जमिनीचा भाग नकाशा (आराखड्यातला तेवढ्याच जमिनीचा उतारा) आणि झोन दाखला सही-शिक्क्यानिशी घ्या. या सेवा किती दिवसांत द्यायच्या हे लोकसेवा हक्काच्या फलकावर लिहिलेलं असतं. फलकाकडे एकदा बोट दाखवलं की काम हलतं.

दुसरा, सागरी किनारा व्यवस्थापनाचा नकाशा. ‘आमची जमीन समुद्रापासून लांब आहे’ हे वाक्य कोकणात फार फसवं आहे, कारण सीआरझेड (किनाऱ्यालगतचं बांधकाम-नियमन क्षेत्र) खाडीतूनही आत शिरतं. २०१९च्या अधिसूचनेनुसार खाडीकाठी भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यातलं जे कमी ते अंतर धरतात. मात्र २०१९चे नियम चालायला त्या अधिसूचनेनुसार मंजूर झालेला नकाशा लागतो. तो नसेल तिथे २०११चीच अधिसूचना लागू. म्हणून कुठल्या नकाशावरून बोलतोय हे प्रस्तावात स्पष्ट लिहा. शहराचा दाट बांधलेला भाग सीआरझेड-२ मध्ये असेल तर अस्तित्वातल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतीच्या जमिनीकडच्या बाजूला बांधता येतं. खाजणात (खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत) कांदळवन उगवलेलं असेल आणि ते १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर भोवती ५० मीटरचा पट्टाही धरावा लागतो. बंधारा फुटून खारं पाणी आत आलेल्या जुन्या भातखाचरांत हे सर्रास दिसतं. सातबाऱ्यावर अजून भात असतं आणि जागेवर चिपी-तिवर ही कांदळवनाची झाडं.

तिसरी, पूररेषा. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात आणि सावित्रीचं महाडात शिरलं, त्यानंतर निळ्या-लाल रेषांवरून झालेले वाद सगळ्यांना ठाऊक आहेत. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवं बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवं. आखणी जलसंपदा विभाग करतो, त्यामुळे ती रेषा चुकीची वाटत असेल तर तक्रार तिकडे करायची. नगरपरिषद ती पुसू शकत नाही. या पट्ट्यात गरिबांची घरं सुचवण्याआधी जोत्याचा खर्च काढून बघा. भरावाच्या पैशातच अनुदान जिरेल.

चौथा, उतार. १:५ पेक्षा जास्त चढ असलेल्या जमिनीवर यूडीसीपीआर बांधकाम करू देत नाही. तळियेची दरड लक्षात असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, तरी डोंगरउताराचे प्रस्ताव येतच राहतात, कारण सपाट जमीन महाग.

आणि पाचवा नकाशा म्हणजे तुमचे पाय. आमच्या प्रस्तावातल्या जमिनीच्या मधोमध एक वहाळ (पावसाळी ओढा) होता. आराखड्यात नव्हता, गाव नकाशात बारीक तुटक रेघ होती. एप्रिलमध्ये गेलो तेव्हा कोरडा ठणठणीत, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचा गडगा (कुंपणाची बुटकी भिंत), मध्ये पालापाचोळा. शेजारच्या आजोबांनी गडग्याच्या तिसऱ्या चिऱ्यावर हात ठेवला. तिथपर्यंत चिरा काळा पडला होता आणि फटीत सुकलेलं शेवाळ होतं. “पाणी हितपर्यंत येता गो. आषाढात ये नि बघ.” तो वहाळ आम्ही भाग नकाशात दाखवला, त्याच्या कडेचा पट्टा प्रस्तावातून वगळला. सुनावणीत हाच मुद्दा घेऊन एक हरकत आली, तेव्हा उत्तर तयार होतं. तुम्हीही पावसाळ्यात एकदा जागेवर जाच.

४. सातबाऱ्याचा गुंता झोनच्या आधी सोडवायला घ्या

झोन बदलला की घरं होतील, ही समजूत कोकणात लवकर मोडते. पिवळा रंग येतो आणि जमीन तशीच पडून राहते, कारण सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं. त्यातले निम्मे मुंबईत, काही बडोद्याला, काही वारलेले आणि वारसनोंद नाही. इतर हक्कात कुळाचं नाव. जमीन वर्ग २ची (शासनाच्या अटींवर धारण केलेली) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी वेगळीच.

प्रधानमंत्री आवास योजनेत ज्याच्याकडे स्वतःची जागा आहे त्याला घर बांधायला राज्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात. घराचं चटईक्षेत्र ३० ते ४५ चौरस मीटर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत. आकडे ऐकायला सोपे आहेत. पण ‘स्वतःची जागा’ कागदावर दाखवता आली पाहिजे, आणि सामायिक सातबाऱ्यात ती दाखवता येत नाही. सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र हवं किंवा वाटप. आपसात एकमत असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५खाली तहसीलदारांकडे वाटप होऊ शकतं, नसेल तर दिवाणी न्यायालय.

म्हणून वॉर्डातून झोनबदलाची मागणी आली की मी आधी सातबारा मागते. नावं पाचाच्या आत असतील तर पुढे चला. जास्त असतील तर गणपतीची वाट बघा. सगळे भाऊबंद एका पडवीत बसलेले तेव्हाच सापडतात. शिमग्यालाही सापडतात, पण तेव्हा मानपानाचे वाद आधीच चालू असतात, त्यात हा विषय काढू नये.

तुकडेबंदीकडेही बघा. २०२३पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. २०२५मध्ये शासनाने निवासी भागांतल्या जुन्या तुकड्यांना दिलासा देणारी पावलं उचलली आहेत, त्यामुळे जुन्या दोन-तीन गुंठ्यांच्या खरेदीचा तिढा असेल तर दुय्यम निबंधकाकडे आणि तहसील कार्यालयात आजचा नियम विचारा. पाच वर्षांपूर्वी एजंटाने ‘होणार नाही’ म्हटलं होतं, हे आज उत्तर म्हणून चालवू नका.

एक दिलासा मात्र आहे. अंतिम विकास आराखड्यात जमीन निवासी असेल तर बिनशेतीची वेगळी परवानगी लागत नाही. महसूल अधिनियमाच्या कलम ४२-ब नुसार ठरलेली रक्कम भरून काम होतं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींसाठी कलम ४२-ड आहे. झोन बदलायला निघालेल्यांपैकी काहींचं काम या दोन कलमांतच भागतं.

५. कागद गोळा करा

ही यादी नगरपरिषदेच्या प्रस्तावासाठी आहे. जमीनमालक म्हणून विनंती करणार असाल तरी यातले बहुतेक लागतील.

- डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा (महाभूमीच्या ‘डिजिटल सातबारा’ संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो) आणि आठ-अ. शहरातल्या मिळकतीसाठी मालमत्ता पत्रक
- गेल्या काही दशकांचे फेरफार, निदान कुळाची आणि वारसाची नोंद दाखवणारे
- भूमी अभिलेखाकडची मोजणी, हद्दी दाखवणाऱ्या ‘क’ प्रतीसह
- भाग नकाशा आणि झोन दाखला
- सीआरझेड नकाशाचा उतारा, नदीजवळ असाल तर पूररेषेचा दाखला
- जमीन वनसंज्ञेत येत नसल्याबद्दल वन विभागाचं पत्र, शंका असेल तिथे
- पोचरस्त्याची रुंदी दाखवणारा नकाशा
- पाणीपुरवठा विभागाचं क्षमतेबद्दलचं पत्र
- शहरात घरांची गरज किती, याची आकडेवारी: आवास योजनेचे अर्ज, भाड्याने राहणारी कुटुंबं, निवासी झोनमध्ये शिल्लक मोकळी जागा

शेवटच्या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होतं आणि वरच्या कार्यालयातून प्रश्न नेमके तेच येतात. पाण्याचं तर खासच. पावसाळ्यात छपरं गळेपर्यंत पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये टँकर, हे ज्या शहराचं चित्र आहे तिथे नवी चारशे घरं कुठलं पाणी पिणार, याचं उत्तर लेखी हवं. समुद्रकाठच्या विहिरी आधीच मचूळ होतायत, तिथे शोषखड्ड्यांची जागाही प्रस्तावातच दाखवा.

मोजणीबद्दल एक सूचना. आपल्याकडे कुठे सर्व्हे नंबर-हिस्सा नंबर चालतो, कुठे गट नंबर, शहरात सिटी सर्व्हे. आराखड्यावर एक आणि सातबाऱ्यावर दुसरा असं असेल तर दोन्ही जुळवणारा तक्ता प्रस्तावाला जोडा. हा तक्ता नसल्यामुळे फायली परत येतात.

६. ठराव नीट लिहा

सर्वसाधारण सभेत हात वर करणं सोपं. इतिवृत्तात काय उतरलं ते महत्त्वाचं. असा ठराव मी पाहिलाय: “शहरातील घरांची अडचण लक्षात घेऊन शेती झोन निवासी करण्यात यावा.” यावर कोणी काहीही करू शकत नाही. कुठली जमीन, किती, कुठल्या कलमाखाली, पुढे कोणी काय करायचं, यातलं काहीच त्यात नाही.

साधारण असा मसुदा चालतो:

“मौजे … येथील सर्व्हे क्र. …, हिस्सा क्र. …, क्षेत्र … हेक्टर, सोबतच्या भाग नकाशात अ-ब-क-ड या अक्षरांनी दर्शविलेले, हे मंजूर विकास योजनेतील शेती विभागातून वगळून निवासी विभागात समाविष्ट करण्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७(१) अन्वये कार्यवाही करण्यास, त्यासाठी सूचना प्रसिद्ध करणे, हरकती व सूचना मागविणे, सुनावणी घेणे व प्रस्ताव शासनास सादर करणे याकरिता मुख्याधिकारी यांना प्राधिकृत करण्यास ही सभा मंजुरी देत आहे.”

सूचक आणि अनुमोदकांपैकी कोणाची किंवा त्यांच्या घरच्यांची जमीन त्या क्षेत्रात असेल तर त्यांनी त्या विषयावर बाहेर बसावं आणि तशी नोंद करून घ्यावी. जिल्हाधिकारी नगरपरिषदेचा ठराव स्थगित करू शकतात, आणि तक्रार बहुधा याच मुद्द्यावर होते. विषयपत्रिकेत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात तर हे कधीच घेऊ नका. भले हेतू कितीही स्वच्छ असो, लोकांना वास येतो.

शिवाय कलम ३७चा बदल आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणारा नसावा, अशी कायद्याची अट आहे. अर्धं शहर एका ठरावात पिवळं करायला गेलात तर प्रस्ताव तिथेच पडेल. छोटा, जोडून असलेला, रस्ता आणि पाणी जवळ असलेला तुकडा निवडा.

७. सूचना, हरकती, सुनावणी

ठरावानंतर राजपत्रात सूचना प्रसिद्ध करायची. आपल्यासाठी ती शासन राजपत्राच्या कोकण विभागीय पुरवणीत येते. सोबत स्थानिक दैनिकात जाहिरात द्या. हरकतींना एक महिना. ज्यांच्या जमिनीवर परिणाम होतो त्या प्रत्येकाला वेगळी नोटीस द्यायची असते, आणि कोकणात हे सगळ्यांत कटकटीचं काम. दार बंद, कुलूप गंजलेलं, मालक विरारला. सातबाऱ्यावरच्या पत्त्यावर नोटीस गेली म्हणजे काम झालं, असं मानू नका. घरपट्टीच्या नोंदीत मुंबईचा पत्ता आणि मोबाईल नंबर बऱ्याचदा असतो, तिथेही पाठवा आणि पोच ठेवा. ग्रामस्थ मंडळांच्या मुंबई शाखांना कळवलं तर बातमी वाडीभर पोचते.

हरकत घेणारे असाल तर एवढं करा: लेखी द्या, जमिनीचा नंबर लिहा, एका मुद्द्याला एक परिच्छेद ठेवा, आवक शिक्का मारलेली प्रत घ्या, आणि ‘सुनावणीस बोलवावे’ हे वाक्य शेवटी लिहायला विसरू नका. शंभर जणांच्या सह्यांच्या एका अर्जापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांचे चार अर्ज जास्त कामाचे. “आमचा विरोध आहे” एवढ्यावर सुनावणी दोन मिनिटांत संपते. “प्रस्तावित रस्ता आमच्या विहिरीवरून जातो, सोबत मोजणीचा नकाशा” याला उत्तर द्यावंच लागतं.

नगरपरिषदेच्या बाजूने बसणार असाल तर सुनावणीत वाद घालू नका. हरकत, तिच्यावरचा अभिप्राय आणि शिफारस असा तीन रकान्यांचा तक्ता करा आणि प्रत्येक हरकत त्यात उतरवा. काही हरकती बरोबर असतात. त्या मान्य केल्या की उरलेला प्रस्ताव वजनदार होतो.

आरक्षणाचा प्रश्न असेल तर तो इथे मिसळू नये. अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालकाला कलम १२७खाली नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप सुटतं. नगरसेवकांनी याकडे दुसऱ्या बाजूनेही बघावं: अशी नोटीस टेबलावर पडून राहिली तर उद्याचं क्रीडांगण हातचं जातं.

८. बेलापूर आणि मंत्रालय

सुनावणीनंतर अंतिम ठराव करून प्रस्ताव पाठवायचा. सूचना प्रसिद्ध झाल्यापासून वर्षाच्या आत तो शासनाकडे जायला हवा. छाननी नगररचना खात्यात होते. जिल्ह्यातलं शाखा कार्यालय, मग बेलापूरच्या कोकण भवनातलं सहसंचालक कार्यालय, आणि शेवटी नगरविकास विभाग.

पत्रं त्रुटींची येतात. त्यांना उत्तर देताना सगळे मुद्दे एकाच पत्रात, त्याच क्रमाने द्या. एक मुद्दा राहिला तर पूर्ण फाईल पुन्हा रांगेत. पाठपुराव्याला एकच माणूस नेमा, शक्यतो नगरपरिषदेचा रचना सहायक, आणि फाईल क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. फाईल कुठे आहे ते कळेनासं झालं की माहितीचा अधिकार आहेच: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. “सदर प्रस्तावावरील टिपणीच्या पानांची छायांकित प्रत” असं नेमकं मागा. ‘काय झालं’ असं विचारलं तर ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच उत्तर येतं.

या टप्प्यावर गावात एजंट उगवतात. मंत्रालयात ओळख आहे, झोन करून देतो, गुंठ्यामागे अमुक. शासन अटी घालतं, बहुधा अधिमूल्यही भरायला लावतं, पण ते अधिकृत पावतीवर. मंजुरीच्या आधी ‘निवासी होणारच’ म्हणून प्लॉट विकणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. प्रस्तावित झोन आणि मंजूर झोन यांच्यामध्ये कित्येकांचे पैसे बुडालेत.

९. राजपत्र आल्यावर

मंजुरीची अधिसूचना निघाली की ती अटींसकट शेवटपर्यंत वाचा. परिशिष्टातला सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि नकाशातली सीमा तुमच्या ठरावाशी ताडून बघा. एक हिस्सा नंबर चुकला तर शुद्धिपत्रक निघेपर्यंत कोणाला परवानगी मिळणार नाही.

मग नगरपरिषदेत दोन गोष्टी लगेच करून घ्या. मूळ आराखड्याच्या नकाशावर बदल शाईने नोंदवायचा, अधिसूचनेच्या क्रमांकासह. आणि ऑनलाइन बांधकाम परवानगीच्या प्रणालीत तो चढलाय का ते बघायचं. नाहीतर वास्तुविशारद अर्ज भरतो तेव्हा जमीन तिथे अजून हिरवीच दिसते.

छोट्या घरवाल्यांना हेही सांगा की १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर यूडीसीपीआरने प्रक्रिया हलकी केलीय: ठरलेली कागदपत्रं आणि शुल्क भरलं की पावतीच परवानगी धरतात. १५० ते ३०० चौरस मीटरला १० दिवसांत परवानगी अपेक्षित आहे. सीआरझेड किंवा पूररेषा लागत असेल तर त्या मंजुऱ्या मात्र वेगळ्या घ्याव्याच लागतात, आणि त्या हातात आल्याशिवाय जोत्याचा चिरा उतरवू नका. आवास योजनेचा अर्ज राहिला असेल तर आता नव्या झोन दाखल्याची प्रत जोडून भरा. जुना दाखला लावलेले अर्ज नगरपरिषदेतून परत येतात.